सुपर टॉप-अपचा क्लेम खरंच मिळतो का?

प्रश्न : माझे वय 68, पत्नीचे 64. दोघांची मिळून 3 लाखांची जुनी मेडिक्लेम आहे. एजंट 10 लाखांचा सुपर टॉप-अप, म्हणजे जुन्या विम्यावरचा जादा विमा, घ्या म्हणतो. शेजारी म्हणतात, वेळ आली की कंपनी हात वर करते. काय करावे?
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : जरूर घ्या, पण आधी डिडक्टिबल, म्हणजे टॉप-अपने पैसे देण्याआधी मेडिक्लेममधून किंवा खिशातून भागवायची रक्कम, किती ते विचारा. ते 5 लाख असेल, तर तुमच्या 3 लाखांच्या वरचे 2 लाख खिशातून जातील. कंपनीने पैसे दिले नाहीत, ही ओरड बऱ्याचदा इथूनच सुरू होते. डिडक्टिबल 3 लाखांचेच घ्या.

पॉलिसीवर ‘सुपर’ शब्द आहे ना, तेही पाहा. समजा, वर्षात अडीच-अडीच लाखांची दोन बिले झाली. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळे मोजतो, म्हणून एक रुपयाही देत नाही. सुपर टॉप-अप दोन्ही बिले जोडून, 3 लाख वगळून, 2 लाख देतो. मात्र ग्लोव्हज, मास्क यांसारखा अमान्य खर्च या बेरजेत सहसा धरत नाहीत.

क्लेम खरा अडकतो तो जुन्या आजारांवर. प्रपोजल फॉर्म, म्हणजे विम्याचा अर्ज, स्वतः भरा. बीपीची एक गोळी चालू असली तरी लिहा. प्रीमियम वाढला तर वाढू द्या. आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त 36 महिने थांबावे लागते. सलग 60 महिने पॉलिसी चालली, की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय ‘माहिती लपवली’ म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. तुमची मेडिक्लेम कितीही जुनी असो, टॉप-अपचे महिने नव्याने मोजले जातात.

आणखी एक जागा फार घात करते. ॲडमिशनच्या गडबडीत ज्युनिअर डॉक्टर विचारतात, “बीपी कधीपासून?” घरचे माणूस म्हणते, “असेल दहा वर्षं.” केसपेपरवर तेच उतरते. फॉर्मवर चार वर्षे लिहिली असतील, तर क्लेम तिथेच थांबतो. म्हणून निदानाचे साल कागदावर लिहून पाकिटात ठेवा, पत्नीलाही द्या. चुकीची नोंद झालीच, तर डिस्चार्जपूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून सहीनिशी दुरुस्त करून घ्या.

बिल 3 लाखांच्या पुढे जाईलसे वाटले, की दोन्ही कंपन्यांना लगेच कळवा. मूळ कागद पहिल्या, म्हणजे मेडिक्लेमच्या कंपनीकडे जातात. दुसरीसाठी हॉस्पिटलच्या शिक्क्याच्या प्रती आणि पहिलीने किती पैसे दिले ते सांगणारे सेटलमेंट लेटर लागते. ते यायला उशीर झाला, तर दुसरीला मुदतीतच ईमेल करून ठेवा.

तरीही नकार आला, तर कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. त्यांचे कार्यालय पुण्यातच आहे. फी नाही, वकील लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.