वेल्श आणि इंग्रजीला एकच स्पेलचेकर चालेल का?

तुम्ही विचारलंय की वेल्समधल्या कार्डिफच्या ऑफिसात इंग्रजी आणि तिथली वेल्श भाषा असा दुहेरी मजकूर असतो, तर दोन्हीला एकच स्पेलचेकर पुरेल का. मीही रोज असाच मजकूर तपासतो. प्रोग्रॅम एक चालेल, डिक्शनरी नाही. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्रॅममध्ये दोन्ही डिक्शनऱ्या टाका आणि प्रत्येक परिच्छेदाला त्याची भाषा लावा. नाहीतर इंग्रजीचा ऑटोकरेक्ट वेल्शमधला सुटा 'आय' दिसला रे दिसला की कॅपिटल करतो, आणि वेल्शमध्ये तो दर दोन ओळींत येतो. आधी तो ऑटोकरेक्ट बंद करा, अर्धी कटकट तिथेच मिटते.

खरी गोम पुढे आहे. घोडा-घोड्याला म्हणताना आपण शब्दाची शेवटची बाजू बदलतो. वेल्शमध्ये पहिलं अक्षरच बदलतं. मांजर म्हणजे 'काथ'. माझं मांजर 'व ङ्हाथ', त्याचं 'इ गाथ', तिचं 'इ खाथ'. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्समध्ये असतो तो हनस्पेल नावाचा स्पेलचेकर मूळ हंगेरियनसाठी बनलेला. त्यात शब्दाच्या पुढचे-मागचे बदल नियम म्हणून लिहिता येतात, त्यामुळे ही चारही रूपं त्याला मान्य होतात. पण तो शब्द सुटा बघतो. 'व गाथ' असं चुकीचं लिहिलंत तरी लाल रेघ येणार नाही.

म्हणून वेल्शला बँगोर विद्यापीठाचं 'कसिल' हे तपासणीचं सॉफ्टवेअर घ्या. ते शेजारचा शब्दही बघतं, म्हणून अशी चूक पकडतं. 2020 पासून वैयक्तिक वापराला मोफत आहे. ऑफिससाठी मात्र अटी वाचून घ्या. तरी 'त्याचं' आणि 'तिचं' दोन्हीला 'इ'च असल्यामुळे मांजर नेमकं कुणाचं, हे कसिललाही कळणार नाही. तिथे डोळ्यांनीच वाचायचं.

इंग्रजीसाठी फार शोधाशोध नको. भाषा 'ब्रिटिश' निवडलीय ना, एवढं बघा.

आयरिशचं काम आलं तर स्पेलिंगसाठी केविन स्कॅनेल यांनी बनवलेलं 'गेलस्पेल' आणि व्याकरणासाठी त्यांचंच 'अन ग्रामादोर' आहे. डब्लिनचं आयरिश नाव बीने सुरू होतं, आणि 'डब्लिनमध्ये' लिहिताना छोट्या एमनंतर कॅपिटल बी येतो. ती टायपिंगची चूक नव्हे, 'दुरुस्त' करू नका.