ते वावर आणि तो वावर

यवतमाळकडे बदली होऊन आलेल्या एका बँक कर्मचाऱ्याचा प्रश्न आहे: गावात सगळे ‘वावर’ म्हणतात ते शेतच का, आणि अर्जात ‘शेतकऱ्याचा वावर 2 एकर’ असं लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. शेत या अर्थाचं वावर नपुंसकलिंगी आहे: ते वावर, ती वावरं, माह्यं वावर. पुल्लिंगी वावर म्हणजे येणंजाणं, फिरणं. ‘वावरात वाघाचा वावर’ या मथळ्यात दोन्ही आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. ‘शेतकऱ्याचा वावर’ लिहिलंत की तो माणूस कुठं फिरतो एवढंच कळतं. नव्यानं येणारे ही चूक इतक्यांदा करतात की कान किटले.

‘शेत’ म्हटलं तरी गावाला कळतं. पण धुऱ्यांच्या, म्हणजे बांधांच्या, आतला एक तुकडा म्हणजे वावर, आणि त्याची ओळख पिकावरून: पऱ्हाटीचं (कपाशीचं), तुरीचं, पाण्याची सोय असेल तर ओलिताचं. पेरणीआधी वावर वखरतात, म्हणजे वखरानं जमीन मोकळी करतात; उभ्या पिकात डवरतात, म्हणजे डवऱ्यानं ओळींमधलं तण काढतात. यांची अदलाबदल करू नका. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या तुकड्याला बांधी म्हणतात. सातबाऱ्यावर वावर शोधू नका, तिथं गट क्रमांक आणि क्षेत्र.

आता व्युत्पत्ती. माझ्या मते वावर आला ‘व्यापार’वरून. संस्कृतात व्यापार म्हणजे काम, उद्योग. प्राकृतात त्याचंच ‘वावार’ झालं. व्याघ्रचा वाघ होतो तसा ‘व्या’चा ‘वा’, आणि दीपचा दिवा होतो तसा दोन स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’. वावरणे हे क्रियापदही याच घरातलं. काम, मग कामाची जागा. शेतकऱ्यानं आपल्या जमिनीला ‘काम’ हेच नाव द्यावं, याहून सुंदर व्युत्पत्ती मला ठाऊक नाही.

वावर संस्कृत ‘वप्र’वरून आला असा आग्रह धरणारे मला पटत नाहीत. अमरकोशात वप्र म्हणजे शेत, शिवाय नपुंसकलिंगीही चालतो, हे खरं. पण जोडाक्षरातला ‘प’ मराठीत टिकतो: सर्पचा साप, कर्पासचा कापूस. वप्रचं प्राकृतात ‘वप्प’ होतं. त्यातला ‘र’ तिथंच संपला, तो वावरात परत कुठून आणणार? मधे स्वर घालून ‘वपर’ केलंत तरी हाती येईल ‘ववर’. पहिला ‘वा’ दीर्घ कसा झाला, ते आधी सांगा.

आणि हा शब्द केवळ वऱ्हाडी, गावठी म्हणून टाकून देणाऱ्यांनी मराठवाड्यात, खानदेशात कान द्यावा. तिथंही माणसं वावरातच जातात.