शलमोनाने इस्राएली माणसं वेठीला धरली की नाही?

प्रश्न असा होता: बायबलच्या '१ राजे' या पुस्तकात ५:१३ मध्ये राजा शलमोन सर्व इस्राएलातून ३०,००० माणसं वेठीला लावतो, आणि ९:२२ मध्ये वाचायला मिळतं की इस्राएलींपैकी कोणालाच त्याने दास केलं नाही. मग यातलं खरं कोणतं?

मूळ हिब्रू तपासणार असाल तर आधी एक खबरदारी घ्या. तिथे पाचव्या अध्यायातली वचनं वेगळी मोजली आहेत. मराठीतलं ५:१३ हिब्रू प्रतीत ५:२७ ला सापडेल. हे लक्षात न घेता शब्द शोधायला गेलात तर भलत्याच ओळीवर वाद घालत बसाल.

५:१३ मधला शब्द आहे 'मस'. आपली 'वेठ' त्याला चपखल बसते: माणूस स्वतंत्र, घरदार-शेत त्याचंच, पण ठरलेले दिवस अंगमेहनत राजाची. पुढच्याच वचनात पाळ्यांचा हिशोब आहे. दर महिन्याला १०,००० माणसं लबानोनात, मग दोन महिने घरी. म्हणजे एकेका माणसाचे वर्षातले ४ महिने गेले. नांगरणी-पेरणी त्यात सापडली तर घरच्यांचं काय होत असेल, ते शेतकऱ्याला सांगायला नको. ९:२१ मध्ये उरलेल्या अमोरी, हित्ती, यबूसी वगैरे लोकांसाठी 'मस-ओवेद' आहे आणि ९:२२ मध्ये 'एवेद', म्हणजे दास. यावरून नेहमीचा खुलासा निघतो: इस्राएलींना पाळीची वेठ, परक्यांना कायमची गुलामी, आणि दोन्ही वचनं आपापल्या जागी बरोबर. लेवीय २५:३९–४६ चा कायदाही भाऊबंद आणि परका यांत असाच फरक करतो.

हा खुलासा अर्ध्या वाटेपर्यंत नेतो, पुढे नाही. शास्ते १ मध्ये कनानी लोकांवर बसवलेली सक्ती नुसती 'मस' आहे. उलट उत्पत्ती ४९:१५ मध्ये इस्साखार, म्हणजे अस्सल इस्राएली वंश, 'मस-ओवेद' होतो. दोन शब्दांमधलं कुंपण एवढं पक्कं नाही. शिवाय ९:२२ 'दास केलं नाही' एवढ्यावर थांबत नाही. इस्राएली लोक लढवय्ये, सरदार, रथांचे नायक होते, असं ते पुढे सांगतं. ३०,००० लाकूडतोड्यांना त्या चित्रात जागाच उरत नाही.

आता पुढचे अध्याय वाचा. ११:२८ मध्ये यराबामाला योसेफाच्या घराण्यावरच्या कामाचा मुकादम नेमलं आहे. तिथला शब्द 'सेवेल', म्हणजे ओझी वाहण्याची वेठ. निर्गम १:११ मध्ये मिसरी लोक इस्राएलींवर जे भार लादतात, त्यासाठीचा शब्द याच धातूचा, आणि त्या मुकादमांच्या नावात 'मस'चंच अनेकवचन आहे. १२:४ मध्ये लोक शलमोनाचा मुलगा रहबाम याला म्हणतात, तुमच्या बापाने आमचं जू जड केलं. १२:१८ मध्ये रहबाम वेठीवरचा अधिकारी अदोराम याला पाठवतो (दहा वंश बिथरलेले असताना नेमका हाच माणूस!) आणि सगळा इस्राएल त्याला दगडमार करून ठार करतो. वेठ फक्त परक्यांवर असती, तर इस्राएलींचा राग या माणसावर का निघाला असता?

२ इतिहासात हीच अडचण वेगळ्या तऱ्हेने दिसते. तिथला लेखक ३०,००० चा आकडा गाळतो आणि २:१७–१८ मध्ये १,५३,६०० कामकरी देशात राहणाऱ्या परक्यांतून मोजतो. ८:९ मध्ये 'आपल्या कामासाठी' एवढी भर घालून तो इस्राएलींना दास केलं नाही असं सांगतो. पण १०:१८ मध्ये वेठीवरच्या हदोरामाची दगडमार मात्र तशीच राहू देतो.

मुकादमांच्या आकड्यांना मात्र विसंगती म्हणायची घाई करू नका. राजेमध्ये ३,३०० आणि ५५०, इतिहासात ३,६०० आणि २५०. दोन्हीकडे बेरीज ३,८५० येते. दोघांनी गट वेगळे पाडले असावेत, हा सरळ अंदाज.

माझं मत: १ राजे ९:२०–२२ ही नंतरच्या हाताने केलेली शलमोनाची वकिली आहे. जुन्या ग्रीक भाषांतराच्या व्हॅटिकन हस्तलिखितात हा मजकूर नवव्या अध्यायात नाहीच, तो दहाव्यात २२ व्या वचनानंतर येतो. नुसत्या जागेवरून काही सिद्ध होत नाही, पण असा फिरता मजकूर मागाहून जोडलेला असण्याचा संशय येतोच.

आणि वेठ शलमोनाबरोबर संपली असंही नाही. १ राजे १५:२२ मध्ये राजा आसा रामा इथले दगड आणि लाकडं वाहून न्यायला सगळ्या यहूदाला बोलावतो. तिथे स्पष्ट लिहिलं आहे की कोणालाही सूट नव्हती.