सोनी ए६४०० कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १६-५० किट लेन्स आहे. घरगुती समारंभांसाठी पुढे काय घ्यावं, आधी लेन्स की फ्लॅश?

आधी लेन्स घ्या, आणि तीही सिग्मा ३० एमएम एफ१.४ (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). तुमच्या कॅमेऱ्याच्या क्रॉप, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर ती साधारण फुल-फ्रेमवरच्या ४५ एमएमसारखी दिसते, त्यामुळे हॉलमधल्या बारशाला चारपाच माणसं सहज मावतात. किट लेन्स ५० एमएमवर एफ५.६ च्या पुढे उघडत नाही; एफ१.४ वर त्याच्या १६ पट उजेड आत येतो. हा फरक पाळण्यावरच्या ट्यूबलाइटखाली लगेच जाणवतो. नुसते चेहरेच टिपायचे असतील तर ५६ एमएम सुंदर आहे, पण आपल्या घरांत मागे सरकायला जागा कुठे असते!

मग फ्लॅश. गोडॉक्स टीटी६८५ घेताना सोनीचंच, म्हणजे ‘एस’ मॉडेल मागा; दुसऱ्या कॅमेरा कंपनीसाठीच्या मॉडेलचं टीटीएल, म्हणजे फ्लॅशचा उजेड आपोआप जुळवणं, चालणार नाही. थेट तोंडावर मारू नका, फ्लॅशचं डोकं पांढऱ्या छताकडे वळवा. हळद लागलेल्या चेहऱ्यावरची तेलकट चमक त्यानेच जाते. शटर १/१६० सेकंद किंवा त्याहून हळू ठेवा आणि सायलेंट शूटिंग बंद करा, नाहीतर फ्लॅश पेटतच नाही.

टेलीफोटोची घाई आत्ता नको.