गळ, डोह आणि पाहुणे : वाचकांचे प्रश्न

हौशी मासेमारीच्या पर्यटनाबद्दल खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं इथे घेतली आहेत. उरलेल्या बहुतेक पत्रांत 'रॉड कोणता घ्यावा' एवढंच विचारलं आहे. त्याचं उत्तर चौथ्या पत्रात सापडेल.

प्रश्न (चोपडा तालुका) : आमच्या गावाजवळ अनेर नदीचे दोन मोठे डोह आहेत. आम्ही पाच मित्रांनी मिळून दीड लाख रुपये जमवलेत. रॉड, तंबू आणि एक होडी घेऊन शहरातल्या हौशी लोकांना गळाने मासे धरायला बोलवावं असा विचार आहे. सुरुवात कुठून करू?

दीड लाख तूर्त बँकेतच राहू द्या. सातपुड्यातून उतरणाऱ्या अनेर, गुळी, सुकी, मोर या नद्या पावसाळ्यात दुथडी वाहतात. पण डोंगराच्या पायथ्याला दगडगोटे आणि वाळूचा जाड पट्टा आहे, भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. तिथे पाणी जमिनीत मुरतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पात्र जागोजाग कोरडं पडतं. मग नदीतला उरलासुरला मासा डोहात गोळा होतो. त्या डोहाचं एप्रिल-मेमध्ये काय होतं, यावर पुढच्या दिवाळीनंतर पाहुण्याच्या गळाला काय लागणार ते ठरतं.

म्हणून आधी डोह मोजा. दोरीला अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी मारा, टोकाला दगड बांधा आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही डोह उभे-आडवे मोजून कागदावर उतरवा. मध्यभागी दोन-अडीच मीटर पाणी टिकत नसेल तर तो डोह पर्यटनाच्या कामाचा नाही, तो फक्त राखायचा. त्याच आठवड्यात एकदा पहाटे, उजाडायच्या अर्धा तास आधी, काठावर बसा. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर पाण्यात प्राणवायू कमी पडतोय. डोहात केळीबागांसाठी किती मोटारी सोडल्यात तेही मोजा. पाण्यावर पहिला हक्क सांगणारे तेच शेतकरी आहेत आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय यातलं काहीच पुढे सरकणार नाही.

दुसरं, पाणी कोणाचं? अनेर धरणाचा परिसर अभयारण्य आहे, पूर्वेला यावल अभयारण्य आहे. तुमचा डोह अभयारण्याच्या हद्दीत आहे की बाहेर, हे वनविभागाकडून नकाशावर लेखी घ्या. आत असेल तर पाहुण्यांच्या गळाला परवानगी मिळेल असं धरून एक रुपयाही गुंतवू नका. कर्नाटकात भीमेश्वरीचे महासीर मासा धरण्याचे कॅम्प जगभर गाजले होते, तरी ते कावेरी अभयारण्यात असल्यामुळे तिथला गळ बंद झाला. डोह बाहेर असेल, तर तिथे सामूहिक वनहक्क मिळालेत का ते ग्रामसभेत विचारा. वनहक्क कायदा २००६ मध्ये पाण्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिला आहे. गाव पेसाखाली (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखाली) येत असेल तर लहान जलसाठ्यांच्या व्यवस्थापनात ग्रामसभेचा शब्द मोठा. धरणाच्या पाण्यात मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. ग्रामसभेचा ठराव, मग संस्थेचं संमतीपत्र, मग मत्स्यव्यवसाय विभागाचं जिल्हा कार्यालय, याच क्रमाने जा. उलट्या क्रमाने गेलात तर गावात पहिला विरोधक संस्थेचाच माणूस असेल, आणि तो बरोबर असेल.

तिसरी गोष्ट पत्रात नाही, पण सगळ्यात जास्त नुकसान तीच करते : ब्लीचिंग पावडर, सुरुंग आणि विजेचा करंट. तिन्ही बेकायदा आहेत आणि एका रात्रीत डोह रिकामा करतात, अंडी-पिल्लांसकट. पहिल्या वर्षी तुमचा खर्च एवढाच असू द्या : होळीपासून पहिल्या पुरापर्यंत गावातल्या दोन राखणदारांची मजुरी, दोन मोठ्या बॅटऱ्या आणि एक फलक. राखणदार जमलं तर रोज मासे धरणाऱ्या घरांतलेच घ्या. करंट कोण टाकतं, हे त्यांना पोलिसांच्या आधी माहीत असतं.

प्रश्न (रावेर) : केळीसाठी ३० × ३० मीटरचं प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं आहे. त्यात मासे सोडून शेतावर येणाऱ्यांना गळ टाकू दिला तर?

जमेल, आणि नदीपेक्षा सोपं जाईल, कारण पाणी तुमचं आहे. अडचण प्लॅस्टिकची आहे. शिसं तळाला लावून गळ टाकला की गळाचं टोक प्लॅस्टिकच्या कागदाला भोक पाडतं, ओढताना चीर लांबते आणि पाणी उतरू लागल्यावरच ते कळतं. म्हणून इथे फक्त तरंगा लावून गळ टाकू द्या, आमिष तळापासून हातभर वर राहील असं. काठावरून कोणी टाकायचं नाही. बांधावरून आत दीड-दोन मीटर येणारं लाकडी मचाण बांधा, त्याला कमरेएवढा कठडा करा आणि सगळे तिथूनच बसतील असं बघा.

कठड्याचं कारण फक्त कागद नाही. ओल्या प्लॅस्टिकवर शेवाळ चढलं की पोहता येणारा माणूससुद्धा बाहेर येऊ शकत नाही, हाताला धरायला काही सापडत नाही. शेततळ्यांत माणसं बुडतात ती अशी. चारही बाजूंनी बांधाला पक्क्या बांधलेल्या, गाठी मारलेल्या दोऱ्या पाण्यापर्यंत सोडा. फुगवलेल्या दोन ट्यूब टांगून ठेवा. कुंपणाला कुलूप लावा. हे नसेल तर पाहुणे बोलावू नका.

९०० चौरस मीटरला ४०० ते ४५० बोटुकली पुरेत, ८-१० सेंटिमीटरची, जुलै-ऑगस्टमध्ये. नेहमीच्या पालनात कटला जास्त सोडतात, पण तो वरच्या थरातलं सूक्ष्म अन्न खाणारा आहे, नवख्याच्या गळाला सहसा येत नाही. मृगळ आणि सायप्रिनस निम्म्याहून जास्त ठेवा, रोहू थोडा, कटला नावाला. चिलापी सोडू नका, ती पिल्लांनी तळं भरते आणि बोटाएवढ्या माशांत पाहुण्याला मजा नाही. थाई मागूरच्या पालनावर तर बंदीच आहे. चांगलं खाद्य मिळालं तर वर्षभरात मासा पाऊण-एक किलोच्या आसपास जातो.

ढगाळ हवेत, विशेषतः वारा पडलेला असताना, पहाटे तीन ते सहा पंप चालवून पाणी उंचावरून तळ्यात पाडा. रात्रभर शेवाळ आणि मासे दोघंही प्राणवायू वापरतात, त्यामुळे मासा मरतो तो पहाटे. आणि केळीवर फवारणी केली त्या दिवशी फवारणीचा पंप, ड्रम, काहीही तळ्यात धुऊ देऊ नका.

प्रश्न (शहादा) : हिमाचलमध्ये ट्राउट माशासाठी पर्यटक येतात. तोरणमाळच्या यशवंत तलावात ट्राउट सोडता येईल का?

नाही. ट्राउटला बारमाही थंड, वाहतं पाणी लागतं, साधारण २० अंश सेल्सिअसच्या खालचं. तोरणमाळ हजार मीटरहून उंच असलं तरी उन्हाळ्यात साचलेलं पाणी तेवढं थंड राहत नाही. मासा थंडीभर जगेल आणि मेमध्ये तरंगेल. बाहेरचा मासा नैसर्गिक पाण्यात सोडायला परवानगी लागते ते वेगळंच.

यातला दुसरा मोह महासीरचा, म्हणजे आपल्या खडचीचा. लोणावळ्याच्या केंद्रात खडचीची पिल्लं तयार होतात, ती आणून सोडू, असं दोन पत्रांत आहे. त्या जातीचे मासे कावेरीत सोडले गेले आणि तिथल्या मूळच्या कुबडी महासीरची जागा त्यांनी घेतली. नर्मदेचा महासीर वेगळ्या जातीचा आहे, मध्य प्रदेशाने त्याला राज्यमासा केलंय. आपल्या नदीत कोणती जात आहे हे मत्स्यतज्ज्ञाने बघितल्याशिवाय पिशवीभर पिल्लं आणून पुण्य जोडायला जाऊ नका.

प्रश्न (धुळे) : आम्ही मासा धरून पुन्हा सोडतो. पण सोडलेला मासा बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी काठाला मेलेला दिसतो. काय चुकतं? साहित्य कोणतं हवं?

चार ठिकाणी चुकतं, आणि पहिलं म्हणजे महिना. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशाला साडेसात. मासा झुंजून थकतो तेव्हा त्याला तो सगळ्यात जास्त लागतो. हातभर खोलीवर थर्मामीटर २८ दाखवायला लागला की धरून सोडण्याचा खेळ थांबवा. म्हणजे आपल्याकडे हा खेळ फक्त ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतच. जून ते सप्टेंबर मासा अंडी द्यायला प्रवाहाविरुद्ध चढतो, तेव्हा तर गळ घरीच टांगलेला बरा.

दुसरी चूक बारीक तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी. बारीक तंगुसावर मोठा मासा अर्धा तास खेळवण्यात खेळाडूचं कौतुक होतं, मासा मात्र त्यातच संपतो. डोहासाठी ०.३५ ते ०.४० मिलिमीटरची तंगूस, ८ ते १० फुटांचा मध्यम ताकदीचा रॉड आणि ४००० मापाचं रीळ घ्या. रिळाचा ब्रेक तंगुसाच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शावर ठेवा : तंगूस आठ किलोची असेल तर लटकत्या वजनकाट्याला तिचं टोक बांधून ओढा, दोन किलोवर रीळ सुटायला हवं. ब्रेक अंदाजाने ठेवणारे एकतर तंगूस तोडतात, नाहीतर मासा दमवून मारतात.

तिसरी, गळ. गळाच्या मापाचा आकडा वाढला की गळ लहान होतो, पण आकड्यापुढे '/०' आलं की उलटं. मृगळ-रोहूला ६ किंवा ४ नंबर, खडचीला १/० ते ३/० जाड तारेचा. खडचीच्या जबड्यात दात नाहीत, ते घशात आहेत आणि त्यांच्या दाबाने स्वस्त गळ सरळ होतो. प्रत्येक गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. मासे थोडे निसटतील. पण काटा असलेला गळ उपसताना निघणारं मांस परत जोडता येत नाही.

चौथी चूक हातांची. हात ओले करा. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. कल्ल्यांत बोटं घालायची नाहीत, वाळूवर ठेवायचा नाही, शेपटीला धरून उलटा लटकवायचा नाही. फोटो काढणाऱ्याने आधी कॅमेरा तयार ठेवावा, मग मासा पाण्याच्या लगत उचलावा, तोही दहा सेकंद. गळ घशात गेला असेल तर ओढू नका, तोंडाशी तंगूस कापून सोडून द्या. सोडताना तोंड प्रवाहाविरुद्ध करून पोटाखाली हात धरा, तो स्वतः शेपूट मारून निघेपर्यंत. पुढे-मागे हलवण्याची पद्धत आहे ती सोडा, मागे ओढताना कल्ल्यांत पाणी उलटं शिरतं.

आमिषासाठी दोन भाग कणीक, एक भाग भाजलेल्या शेंगदाण्याची पेंड, पाणी बेताचं. घट्ट मळून बोराएवढे गोळे करा. वाहत्या पाण्यात गोळा सुटत असेल तर मळताना चिमूटभर कापूस पिंजून घाला. खानदेशात तो काही विकत आणावा लागणार नाही.

प्रश्न (अक्राणी तालुका) : सरदार सरोवराच्या पाण्यालगत आमचा पाडा आहे. बाहेरचे लोक होडी मागतात, राहायला विचारतात. दर काय ठेवावा?

दराच्या आधी होडीचं बघा. प्रवासी नेणाऱ्या होडीची नोंदणी आणि तपासणी लागते, आणि होडीत जितकी माणसं तितकी जॅकेटं, चढायच्या आधी अंगात घातलेली. या पाण्यात मगरी आहेत. त्यामुळे पाण्यात उभं राहून गळ टाकणं, काठाशी मासे साफ करणं आणि संध्याकाळनंतर किनाऱ्याला बसणं, तिन्ही बंद. धरणाची पातळी खाली-वर होते आणि उघड्या पडलेल्या उतारावर गाळ वरून सुकलेला, आतून चिखल असतो. पाहुणा त्यात मांडीपर्यंत जातो. उतरायची जागा एकच ठेवा आणि तिथे दगड टाका.

दर ठरवताना माणशी न ठरवता गळामागे ठरवा. दिवसाला चार गळ, दोन गळांमागे गावातला एक वाटाड्या. हजार रुपये आले तर वाटप आधीच फळ्यावर लिहा : वाटाड्याला ४००, स्वयंपाक करणाऱ्या घराला २५०, मच्छीमार संस्थेला २००, राखणीला १५०. आकडे तुमचे तुम्ही बदला, पण संस्थेचा वाटा काढू नका. महाराष्ट्रातली ३३ गावं या पाण्यात गेली. आता त्याच पाण्यात जाळं टाकून पोट भरणाऱ्याला हौशी माणसासाठी बाजूला सरकायला सांगितलं तर धंदा एक हंगामही चालायचा नाही. जाळ्यांच्या जागा आणि गळाच्या जागा संस्थेबरोबर बसून वेगळ्या करा.

जेवणात भाकरी, चटणी आणि घरचा मासा द्या. शहरातून येणाऱ्याला पनीर नको असतं.

प्रश्न (भुसावळ) : हिवाळ्यात हतनूर धरणावर गळ टाकायला चांगली जागा कोणती?

हिवाळ्यात तिथे परदेशी बदकं उतरतात, पक्षीमित्र दुर्बिणी लावून बसलेले असतात. उथळ, गवताळ काठ त्यांना सोडा. धरणाच्या ४१ दरवाजांच्या आसपास जायलाच परवानगी नसते. गळ कुठे चालेल ते आधी ठेकेदार संस्थेला आणि पाटबंधारे विभागाला विचारा. तुटलेली तंगूस गुंडाळून घरी न्या आणि तुकडे करून कचऱ्यात टाका. पाण्यात राहिलेली तंगूस बदकांच्या पायात अडकते आणि वर्षानुवर्षं कुजत नाही.