हार्प वाजवून पोट भरतं का?

प्रश्न : ताई, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे. मुलगी नववीत, बरीच वर्षं हार्मोनियम शिकतेय. आता मोबाईलवर कुणीतरी हार्प, म्हणजे ते मोठं उभं तारांचं वाद्य, वाजवताना बघितलं आणि तेच शिकणार, तेच करणार म्हणून हट्ट धरून बसलीय. घरात सगळे खूळ म्हणतात. यात करिअर असतं का? खरं काय ते सांगा.
— एक वडील, सोलापूर

उत्तर : दादा, असतं, पण अवघड आहे. पाश्चात्त्य संगीताच्या मोठ्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाले पंचवीस-तीस असतात आणि हार्पवाला एक, फार तर दोन, आणि ती जागा एकदा भरली की वर्षानुवर्षं रिकामी होत नाही. म्हणून बहुतेकजण शिकवतात, रेकॉर्डिंग करतात, लग्नात-हॉटेलात वाजवतात आणि ऑर्केस्ट्राने बोलावलं की तिथं जातात. यात कमीपणा अजिबात नाही.

तुमच्या लेकीला लिली लास्किन या हार्पवालीबद्दल जरूर सांगा. १८९३ ला पॅरिसमध्ये जन्मली, १९०९ मध्ये पॅरिस ऑपेराच्या ऑर्केस्ट्रात लागली, तिथली पहिली बाई, वय काय तर सोळाच्या आसपास! पुढं त्याच शहराच्या कॉन्झर्वेटरीत (संगीत महाविद्यालयात) शिकवलं आणि मोझार्टने १७७८ मध्ये बासरी आणि हार्पसाठी लिहिलेला कॉन्चेर्टो (ऑर्केस्ट्राच्या साथीनं वाजवायची रचना) बासरीवादक झाँ-पिएर रामपालबरोबर रेकॉर्ड केला तो उतारवयात, तो तिला नक्की ऐकवा. उलट व्हिएन्ना फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्रात आना लेलकेस ही हार्पवाली दोन दशकांहून जास्त वाजवत होती पण बाई म्हणून मेंबर करून घेतलं नव्हतं, ते झालं १९९७ मध्ये. मला याचा अजून राग येतो.

आता वाद्याचं. कॉन्सर्ट हार्पला ४७ तारा, पायाशी ७ पेडल, वजन ४० किलोच्या आसपास, नवीन घ्यायचं तर दहा-पंधरा लाखांच्या पुढेच. एवढ्या तारांत सा कुठला म कुठला हे डोळ्याला कळावं म्हणून सी (म्हणजे सा) च्या तारा लाल आणि एफ (म्हणजे म) च्या काळ्या किंवा निळ्या असतात. वाजवायचं दोन्ही हातांच्या चार-चार बोटांनी, करंगळी वापरत नाहीत, नखं बारीक कापलेली, बोटांच्या टोकांना घट्टे पडतात. बऱ्याच तारा आतड्याच्या असतात, त्यांना हवा लगेच लागते, म्हणजे आपल्या मे महिन्यात बाहेर ४२ डिग्री आणि आत एसी असला तर सूर उतरलाच समजा, कार्यक्रमाआधी सगळ्या तारा पुन्हा लावत बसायचं.

त्यामुळं आत्ता मोठं हार्प घेऊ नका, कर्ज काढून तर मुळीच नाही. आधी तिला कीबोर्ड किंवा पियानोवर स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचायला शिकवा, त्याशिवाय ऑर्केस्ट्रात उभं करत नाहीत. पुण्यात पियानोचे शिक्षक मिळतात, हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री घरी येता येतं. वर्षभर तिने हे मनापासून केलं तर मग छोटं लिव्हर हार्प बघा, त्याला पेडल नसतात, स्वर बदलायला वर खटके असतात, आणि ते उचलून नेता येतं. त्यावर लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षाही देता येतात. आपल्याकडे हार्प शिकवणारे अगदी मोजके, बराचसा क्लास ऑनलाईनच करावा लागेल. आणि दहावी-बारावी सोडायची नाही, हे तिला माझ्याकडून सांगा.

प्रश्न : हार्पवर आपले राग वाजतात का हो?
— एक वाचक, नवी पेठ, सोलापूर

उत्तर : वाजतात, पण मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही. तार दोन्हीकडून बांधलेली, दाबायला खाली पट्टी नाही, त्यामुळं आलाप सतारीसारखा होणार नाही. पण स्वर मिळतात, कारण प्रत्येक पेडल एका स्वराचं, ते हलवलं की सगळ्या सप्तकांतला तो स्वर एकदम बदलतो. वर कोमल, मध्ये शुद्ध, खाली तीव्र असं तीन जागांचं पेडल. सफेद एकमध्ये (म्हणजे सी ला सा धरून) यमन राग हवा तर बाकी पेडल मध्ये ठेवून फक्त म चं पेडल खाली दाबायचं. ललत रागाला तर काय मस्त जमतं बघा! त्यात दोन्ही मध्यम लागतात आणि पंचम लागतच नाही, मग रे आणि ध ची पेडल वर घ्यायची आणि रिकामं बसलेलं प चं पेडलही वर घ्यायचं, की ती पंचमाची तार तीव्र मध्यम बोलायला लागते.