सीझन तिकिटाचा छापील दर आणि खरा खर्च

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा मोसम नोव्हेंबरात सुरू होतो, पण सीझन तिकिटाच्या, म्हणजे घरच्या मैदानावरच्या सगळ्या सामन्यांच्या एकत्र तिकिटाच्या, पैशांचे निर्णय त्याच्या कितीतरी आधी घ्यावे लागतात. वाचकांच्या पत्रांत तेच ते गैरसमज पुन्हा पुन्हा येत आहेत, म्हणून काही प्रश्नांना एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न: आम्ही मॉरिसव्हिलला राहतो. चॅपल हिलच्या (नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या) पुरुष संघाची दोन सीझन तिकिटं घ्यायची आहेत. तिकिटाचा दर परवडतो, पण आधी रॅम्स क्लबचे सभासद व्हा, असं सांगतात. हे वेगळे पैसे कशाचे?

ते सीटवरच्या हक्काचे पैसे आहेत. मोठ्या विद्यापीठांत तिकिटाची किंमत आणि सीटसाठीची देणगी या दोन वेगळ्या गोष्टी असतात. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात ही देणगी रॅम्स क्लब या देणग्या जमवणाऱ्या संस्थेकडे जाते, ड्यूकला आयर्न ड्यूक्सकडे, कॅन्ससला विल्यम्स एज्युकेशन फंडाकडे. 1986 मध्ये उघडलेलं चॅपल हिलचं डीन स्मिथ सेंटर मुळातच देणग्यांतून बांधलं गेलं आणि देणगीदारांना सीटचे हक्क मिळाले. त्यामुळे तिथे सुमारे 21,750 जागा असल्या तरी खालच्या चांगल्या रांगा नव्या माणसाच्या हाती सहज लागत नाहीत. ड्यूकच्या कॅमेरन इनडोअरमध्ये तर जागाच 9,314, आणि त्यातला मोठा भाग विद्यार्थ्यांचा.

हिशेब असा मांडा. समजा, घरच्या मैदानावर 16 सामने आहेत आणि एका सीटचं पॅकेज 640 डॉलर आहे. दोन सीटचे 1,280. सीटमागे 500 प्रमाणे देणगी 1,000. पार्किंग सामन्याला 20 प्रमाणे 320, वर 40 डॉलर शुल्क. एकूण 2,640. म्हणजे वेबसाइटवर 40 डॉलरला दिसलेली सीट प्रत्यक्षात साडेब्याऐंशी डॉलरला पडली, तेही सोळाच्या सोळा सामन्यांना गेलात तर. नऊच सामने पाहिलेत, तर दोघांचा एका सामन्याचा खर्च 293 डॉलरवर जातो. हे आकडे नमुन्याचे आहेत, त्या जागी तुमचे घाला.

तिकीट ऑफिसला फोन करून एवढं विचारा: या सेक्शनची यंदाची किमान देणगी सीटमागे किती? ती दरवर्षी द्यावी लागते की एकदाच? तिची शेवटची तारीख तिकिटाच्या तारखेहून वेगळी आहे का? पार्किंग कोणत्या देणगीपासून मिळतं? आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत सीट नव्याने वाटायचा बेत आहे का? हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि नेमका तोच महागात जातो.

प्रश्न: आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे सांगतात की ही देणगी टॅक्समध्ये 80 टक्के वजा होते, त्यामुळे सीट स्वस्तच पडते. खरं ना?

नाही, आणि ही अफवा आता थांबायला हवी. 1988 च्या कायद्याने अशा देणगीच्या 80 टक्के रकमेची वजावट मिळत होती. डिसेंबर 2017 च्या करकायद्याने ती काढून टाकली. 1 जानेवारी 2018 पासून, ज्या रकमेमुळे तुम्हाला सामन्याची सीट विकत घेण्याचा हक्क मिळतो, तिची फेडरल वजावट शून्य आहे. हजार डॉलर दिलेत तर पूर्वी आठशे धरता येत होते, आता एकही नाही.

लोक फसतात ते पावतीमुळे. देणगी घेणारी संस्था धर्मादाय म्हणून नोंदलेली असते आणि पावतीवर आभाराचा मजकूर असतो, म्हणून ते सगळी रक्कम वजावटीत टाकतात. त्याच पावतीवर करासाठी ग्राह्य रक्कम किती, ते बहुधा वेगळं दिलेलं असतं. ती ओळ वाचा. देणगीचा एक चेक आणि तिकिटाचा दुसरा असे दोन चेक फाडूनही काही साधत नाही. त्या पैशांमुळे हक्क मिळाला का, एवढंच कायदा बघतो. डोनर-अॅडव्हाइज्ड फंडातून (दानासाठीच बाजूला काढलेल्या निधीतून) ही रक्कम भरायचा सल्ला कोणी देत असेल तर अजिबात ऐकू नका. त्या फंडातून स्वतःसाठी फायदा घेतला तर दंडात्मक कर लागू शकतो. आणि स्वतःच्या एलएलसीच्या (छोट्या कंपनीच्या) नावावर तिकिटं घेऊन ग्राहकांना सामन्याला नेलं, तर करमणुकीच्या त्या खर्चाची वजावटही 2017 च्याच कायद्याने गेली.

सीटशी काही संबंध नसलेली, निव्वळ शिष्यवृत्ती निधीला दिलेली देणगी ही वेगळी बाब. पण तिच्यावर सीटवाटपातल्या प्राधान्याचे गुण मिळत असतील, तर ती वजावटीत धरण्याआधी सीपीएला (परवानाधारक हिशेबतज्ज्ञाला) विचारा. शिवाय तुम्ही स्टँडर्ड डिडक्शन (खर्चाचा तपशील न देता मिळणारी ठरावीक वजावट) घेत असाल, तर मोठ्या वजावटीची आशा मुळातच सोडा. मागच्या वर्षांत चुकीची वजावट घेतली असेल तर गप्प बसू नका. सीपीएकडून 1040-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून दुरुस्ती करून घ्या. नोटीस येईपर्यंत थांबलात तर व्याज वाढत राहतं.

प्रश्न: सीझन तिकिटात मार्च मॅडनेसचे सामने येतात का?

नाही. ही मोसमाअखेरची राष्ट्रीय बाद पद्धतीची स्पर्धा. पुरुषांचे सामने त्रयस्थ मैदानांवर होतात आणि स्पर्धेची तिकिटं वेगळी असतात. फार तर ती विकत घेण्याचा अग्रक्रम मिळतो.

प्रश्न: मी एफ-1 व्हिसावर शिकतो. सीनियर सांगतो की सीझन तिकिटं घे, मोठे सामने ऑनलाइन विक, वर्षाची फी निघेल. करू का?

करू नका. विद्यार्थ्यांची तिकिटं बहुधा दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत. ती विकताना सापडलात तर हक्क रद्द होतो, शिस्तभंगाची कारवाईही होऊ शकते. सर्वसाधारण तिकिटं नफ्यासाठी नियमित विकणं हा व्यवसाय समजला जाऊ शकतो, आणि एफ-1 वर परवानगीशिवाय व्यवसाय म्हणजे थेट व्हिसाशी खेळ. एखाद्या सामन्याला जाता आलं नाही म्हणून तिकीट विकणं वेगळं, तरीही आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा, शंका उरली तर इमिग्रेशन वकिलाला. सीनियरला नको.

कराचंही ऐका. ऑनलाइन विक्रीची रक्कम कर खात्याला कळवणाऱ्या 1099-के फॉर्मची फेडरल मर्यादा 2025 च्या कायद्याने पुन्हा 20,000 डॉलर आणि 200 व्यवहारांच्या वर नेली, काही राज्यांत ती बरीच कमी आहे. पण फॉर्म आला नाही म्हणून नफा करमुक्त होत नाही. तोटा झाला, तर स्वतःसाठी घेतलेल्या तिकिटावर तो वजाही करता येत नाही.

प्रश्न: डिसेंबरच्या मध्यापासून पाच आठवडे आम्ही नागपूरला असतो. तरी सीझन तिकीट घ्यावं का?

बहुतेक नाही. घरच्या सामन्यांचं वेळापत्रक कॅलेंडरवर मांडा आणि भारतात असतानाचे सामने खोडा. ते विकून पैसे वसूल होतील, हा भ्रम आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात पाहुणे म्हणून बरेचदा लहान कॉलेजं येतात, त्यात सुट्टीमुळे कॅम्पस रिकामा. ही तिकिटं छापील दरालाही जात नाहीत. मागणी असते ती जानेवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतच्या कॉन्फरन्स सामन्यांना (आपल्याच गटातल्या संघांविरुद्धच्या), त्यातही पारंपरिक वैऱ्याविरुद्धच्या. तुम्हाला मिनी-प्लॅन (मोजक्याच सामन्यांचं पॅकेज) किंवा सुटी तिकिटं बरी.

सुटी तिकिटं घेताना 12 मे 2025 पासून लागू झालेला फेडरल ट्रेड कमिशनचा नियम लक्षात ठेवा: सक्तीच्या शुल्कासह एकूण किंमत सुरुवातीलाच दाखवणं बंधनकारक आहे. कर मात्र नंतर लागू शकतो. शेवटच्या पानावर नवं शुल्क उगवलं तर खरेदी तिथेच सोडा. आणि ज्या विक्रेत्याला रांग आणि सीट क्रमांक सांगता येत नाही, त्याच्या हातात ते तिकीट नसण्याचीच शक्यता जास्त.

प्रश्न: रिन्यूअलची तारीख चार दिवसांनी हुकली. सीट परत मिळेल?

हे वाचत बसू नका, आत्ता तिकीट ऑफिसला फोन करा. सीटा वाटपाच्या पुढच्या फेरीत गेल्या नसतील तर कधी कधी सोय होते. गेल्या असतील तर होत नाही. पुढच्या वर्षासाठी हप्त्यांची सोय विचारा. मात्र ऑटो-रिन्यूअल चालू केलंत तर रक्कम कापली जाण्याआधी दर तपासा, कारण देणगीची किमान पातळी वाढलेली असू शकते. जुलै 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत, आणि त्याचा काही भार प्रेक्षकांवर येतोच. टेनेसीने 2025 च्या फुटबॉल सीझन तिकिटांवर 10 टक्के ‘टॅलेंट फी’ लावली होती.

खातं कुणाच्या नावावर आहे, तेही पाहा. पतीच्या एकट्याच्या नावावर असेल तर त्याच्या पश्चात किंवा घटस्फोटात सीट आपोआप पत्नीकडे येईलच असं नाही, आणि मुलांच्या नावावर करणं त्याहून अवघड. नियम लेखी मागा.

प्रश्न: मुलींना खेळ दाखवायचा आहे, पण बजेट बेताचं आहे.

महिला संघाचं सीझन तिकीट घ्या. बहुतेक विद्यापीठांत ते पुरुषांपेक्षा बरंच स्वस्त असतं आणि देणगीची अटही हलकी किंवा नसतेच. खेळाचा दर्जा उत्तम, आणि कोर्टजवळची सीट मिळण्याची खरी शक्यता. फक्त उशीर करू नका. स्टार खेळाडू केटलिन क्लार्कच्या कॉलेजमधल्या शेवटच्या, 2023-24 च्या मोसमात आयोवाच्या महिला संघाची सीझन तिकिटं मोसम सुरू होण्याआधीच संपली होती.

प्रश्न: आई-बाबा पुण्याहून येत आहेत. तिकिटं माझ्या फोनवर आहेत, त्यांना स्क्रीनशॉट पाठवू का?

नको. अनेक ठिकाणी बारकोड सतत बदलतो, स्क्रीनशॉट दारावर चालत नाही. सगळी तिकिटं तुमच्याच फोनवर ठेवा, घरूनच वॉलेटमध्ये घाला, कारण दाराशी गर्दीत नेटवर्क बसतं, आणि सगळे एकत्र आत जा. आईंची नेहमीची पर्स बहुधा अडवतील. पारदर्शक पिशवीचं प्रचलित माप 12 बाय 6 बाय 12 इंच आहे, पण औषधं किंवा इन्सुलिन बरोबर असेल तर आदल्या दिवशी अरेनाला फोन करून विचारून घ्या.